‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही केली, म्हणजे भरपाईचा हक्क गेला का?

पत्र: मी अमळनेर तालुक्यातला, वय २८. धुळ्यात खोली करून राहत होतो आणि घरांच्या वायरिंगची कामं घेत होतो. महिन्याला साधारण २२,००० सुटायचे. तिथल्याच एका जिममध्ये वर्षाचे ९,००० रुपये भरले होते. पाच आठवड्यांपूर्वी लॅट पुलडाउन मारताना मशीनची केबल तुटली, बार खाली आला, तोल जाऊन मी मागे उजव्या खांद्यावर पडलो. हंसळीचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलं. प्लेट बसवली, ९२,००० खर्च झाला. आता गावी आईवडिलांकडे आहे. जिममालक म्हणतात, ‘स्वतःच्या जबाबदारीवर व्यायाम करतो’ या फॉर्मवर तुमची सही आहे, तुम्हाला काही मिळणार नाही; तरी फी परत करतो आणि वर १५,००० देतो, फक्त स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. मालक आमच्या ओळखीतले. काका म्हणतात, ‘आपलाच माणूस शे, जाऊ दे.’ काय करू?

उत्तर:

दादा, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. निदान आत्ता तरी नाही. हंसळीचं हाड जुळायला दीड ते तीन महिने जातात, मग फिजिओथेरपी, आणि हात डोक्यावर पूर्ण जातो की नाही हे कळायला त्याहूनही जास्त वेळ लागतो. तुमचं निम्मं काम शिडीवर उभं राहून, हात वर धरून करायचं. तो हात पूर्वीसारखा चालेल का, हे आज तुमच्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येणार नाही, आणि मालक मात्र आजच ‘माझी काही तक्रार उरली नाही’ असं लिहून मागताहेत. पुढे प्लेट टोचू लागली आणि काढावी लागली, तर त्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्चही याच कागदात बुडेल. ग्राहक आयोगात जायला अपघातापासून दोन वर्षं मिळतात, त्यामुळे आकडा ठरवायची घाई तुम्हाला नाही. घाई आहे ती पुराव्याची, आणि तिथे पाच आठवडे आधीच गेले आहेत.

आधी फॉर्मचं बोलू, कारण बहुतेक जण तिथेच हाय खातात. व्यायाम करताना स्नायू आखडणं, स्वतःचा पाय घसरणं, सांगूनही झेपणार नाही एवढं वजन लावणं, एवढी जोखीम तुम्ही पत्करली असं त्या सहीवरून फार तर म्हणता येतं. झिजलेली केबल तुम्ही पत्करलेली नाही. ती बघण्याचं आणि वेळेत बदलण्याचं काम मालकाचं, त्याचेच पैसे तुम्ही भरले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, तिच्यात सेवा देणाऱ्याचा निष्काळजीपणा स्पष्टपणे येतो. आपल्याच हलगर्जीची जबाबदारी छापील ओळीने गिऱ्हाइकावर ढकलणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, अशी मांडणी करार कायद्याच्या कलम २३ खाली करता येते. फॉर्ममध्ये ‘कोर्टात जाता येणार नाही’ असं वाक्य असेल, तर ते कलम २८ मुळे मुळातच रद्द ठरतं. ‘वाद लवादाकडे (कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाकडे) जाईल’ असं लिहिलं असेल, तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफच्या प्रकरणात हे पक्कं केलं आहे.

इथे एक खड्डा आहे. तक्रारीत ‘हा करार अन्याय्य ठरवून रद्द करा’ अशी मागणी लिहू नका. अन्याय्य कराराचा निवाडा करण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. त्या एका ओळीवरून समोरचा वकील अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढून महिनोन्‌महिने खाईल. तुमची मागणी सेवेतल्या त्रुटीबद्दल भरपाईची ठेवा आणि फॉर्म हा तुमच्यावर बंधनकारक नाही एवढंच उत्तरादाखल मांडा. फॉर्म इंग्रजीत होता का, वाचून दाखवला का, प्रत दिली का, हेही लिहा. (पोलीस भरतीच्या तयारीसाठी आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुलं जिम लावतात. अठरा पूर्ण नसलेल्याने केलेला करार कायद्याने करारच नसतो, त्यामुळे त्यांच्या सहीचा तर प्रश्नच येत नाही.)

आता केबल. तुमची सगळी केस तिच्यावर उभी आहे. लॅट पुलडाउनची केबल म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ आणि वर नायलॉनचं आवरण. ती एकदम तुटत नाही. पुलीवरून रोज शेकडो वेळा वाकून आतल्या तारा एकेक करून तुटतात, आणि सर्वात आधी तुटतात त्या बारच्या हुकाजवळ, जिथे केबलचं टोक धातूच्या नळीत दाबून बसवलेलं असतं. आवरणाला चिरा पडतात, तारेचे केस बाहेर येतात, एखाद्या जागी फुगवटा दिसतो. पुली घासली किंवा तिचं बेअरिंग जाम झालं, तर केबल आणखी लवकर जाते. बघणाऱ्याला हे आधी दिसतंच. काही ठिकाणी जुनी केबल तुटल्यावर बाजारातून कमी जाडीची तार आणून यू-क्लॅम्पने आवळून टाकतात. तुमच्या मशीनवर असा जोड असेल, तर त्याचा एक फोटो दहा साक्षीदारांच्या तोडीचा आहे.

मालक म्हणतील, ‘मला कुठे माहीत होतं तुटणार ते?’ हा बचाव फार टिकत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसं दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सांगितलं की दोष दिसणारा असो की लपलेला, देखभालीची जबाबदारी मालकाचीच. शिवाय जी गोष्ट नीट काळजी घेतली तर सहसा घडत नाही ती घडली, आणि ती वस्तू समोरच्याच्या ताब्यात होती, तर काळजी घेतली होती हे त्याने दाखवायचं, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केलेलं आहे. म्हणून देखभालीची नोंदवही, सर्व्हिसची बिलं, केबल शेवटची कधी बदलली याची पावती, हे सगळं त्यांच्याकडे मागायचं. नसेल, तर ‘नाही’ हेच तुमचं उत्तर. मशीन नवीन असेल आणि केबल कारखान्यातूनच सदोष आली असेल, तर उत्पादक आणि विक्रेताही याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली उत्पादन दायित्वासाठी जबाबदार ठरू शकतात. मशीनवरच्या, कंपनीचं नाव असलेल्या पट्टीचा फोटो मिळवून त्यांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. नाहीतर जिममालक सगळं त्यांच्यावर ढकलतील आणि ते आयोगासमोर नसतील.

पहिलं काम आज करा. जिममालकाला लेखी कळवा: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण, तुटलेली केबल, बार आणि त्या दिवसाची हजेरी जपून ठेवा, चित्रणाची प्रत द्या, मशीन दुरुस्त करण्याआधी मला फोटो काढू द्या. हे व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. लहान जिमचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा) साधारण पंधरा ते तीस दिवसांत जुन्यावर नवं चित्रण चढवतो, म्हणजे तुमचं चित्रण पुसलं गेलं असण्याची शक्यता आहे. तरी पत्र पाठवाच. अपघात त्यांच्या जिममध्ये झाला, हाड मोडलं हे त्यांना कळलं आणि तरी चित्रण जपलं नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. त्या वेळी तिथे असलेल्या मुलांपैकी कुणी मोबाइलवर काही काढलं होतं का, ते विचारा. मूळ फाइल घ्या, व्हॉट्सॲपवरून दाबून आलेली नको, आणि ज्याच्या मोबाइलमध्ये ती आहे त्याच्याकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे मोबाइलमधली फाइल पुरावा म्हणून धरली जावी यासाठी लागणारं, प्रमाणपत्र तयार ठेवा. दोघा जणांची प्रतिज्ञापत्रं पुरतात, पण ती आत्ता घ्या. सहा महिन्यांनी त्याच जिमला जाणारा मुलगा बोलायला कचरतो.

मालकांनी ‘फी परत देतो, १५,००० देतो’ हे व्हॉट्सॲपवर लिहिलं आहे की फोनवर सांगितलं? लिहिलं असेल तर तो मेसेज जपा. फोनवर असेल तर शांतपणे एक मेसेज टाका: ‘काल आपण फोनवर अमुक म्हणालात, मी विचार करून सांगतो.’ उत्तर आलं तर अपघात घडल्याची कबुली कागदावर आली. एवढं मात्र पाळा, की ‘पैसे द्या नाहीतर पोलिसांत जातो’ असं कुठेही लिहू किंवा बोलू नका. तीच ओळ पुढे खंडणीच्या आरोपासारखी तुमच्याविरुद्ध वाचली जाते.

दवाखान्याचे कागद: डिस्चार्ज कार्ड, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, प्लेटचं बिल, औषधांच्या पावत्या. त्यात ‘इजा कशी झाली’ या रकान्यात काय लिहिलं आहे ते पहिल्यांदा बघा. घाईत सोबतचे लोक ‘घरी पडला’ किंवा ‘गाडीवरून पडला’ असं सांगून बसतात आणि पुढे तोच कागद केस बुडवतो. चुकीचं असेल तर डॉक्टरांना आत्ताच लेखी अर्ज द्या. रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी नोंदी द्यायच्या, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. मेडिक्लेममधून कॅशलेस झालं असेल, तरी सगळ्या बिलांच्या प्रती घ्या आणि तक्रारीत ते उघड सांगा.

पोलिसांत जायचं की नाही, हा निर्णय तुमचा. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. निष्काळजीपणाने ती घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि यंत्राबाबतच्या हयगयीचं कलम २८९ वेगळं. गुन्हा नोंदवून तुमच्या हातात पैसे येत नाहीत. पण पंचनामा होतो, केबल जप्त होते, मशीनचे सरकारी फोटो निघतात, आणि तुमच्याकडे आज तेच नाही. मालक केबल दाखवायलाच तयार नसतील, तर आम्ही तक्रार द्या म्हणू. अमळनेरच्या ठाण्यातही ती देता येते, झिरो एफआयआर म्हणून ती धुळ्याला वर्ग होते. उशीर का झाला ते (ऑपरेशन, हात बांधलेला) पहिल्याच परिच्छेदात लिहा. ठाण्यात घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा.

मग नोटीस. वकिलाचीच हवी असं नाही. तारीख, वेळ, मशीन, इजा, खर्च, मागणीची रक्कम आणि १५ दिवसांची मुदत, एवढं असलं की झालं. नोटीस ‘जिम’ला पाठवून भागत नाही, पाटीवरचं नाव म्हणजे कायद्यातला माणूस नव्हे. मालकाचं किंवा भागीदारांचं नाव गुमास्त्याच्या कागदावर किंवा तुम्ही पैसे पाठवलेल्या यूपीआयच्या नोंदीत सापडतं. जिमने सार्वजनिक दायित्व विमा (बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा) काढला असेल तर त्याची प्रतही याच नोटिशीत मागा. विमा असला की मालकाचा ताठा बराच उतरतो.

नोटिशीला उत्तर नाही आलं, किंवा आलं आणि पटलं नाही, की जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही जिथे राहता तिथेही तक्रार करता येते, म्हणजे जळगाव किंवा धुळे, दोन्ही दारं उघडी आहेत. आम्ही धुळे सुचवू: अमळनेरहून जवळ, जिम तिथे, साक्षीदार तिथे, आणि जागेची पाहणी करायची वेळ आली तर सोपं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, सुनावणी व्हिडिओवरूनही मागता येते. फी किती, याची अनेकांना उगाच धास्ती. आयोगाची फी तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नसते, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर असते. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही ९,००० भरले, म्हणून भरपाई दहा लाख मागितली तरी फी शून्यच. दिवाणी न्यायालयात हेच मागायला कोर्ट फी मागणीच्या रकमेवर लागते, म्हणून तुमच्यासाठी तो रस्ता दुसरा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात वकील मोफत मिळतो, आणि तुमचं २ लाख ६४ हजार होतं. फोन १५१००. तक्रारीआधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फी रोखीने दिली आणि पावती नाही, तर घाबरू नका: अंगठ्याच्या हजेरीची नोंद, ग्रुपमधले मेसेज, ट्रेनरचं डाएट पाठवणं, हे सगळं चालतं. पण फुकटच्या ट्रायलला गेलेला माणूस किंवा नगरपालिकेच्या बागेतलं साहित्य वापरणारा माणूस ग्राहक ठरत नाही. त्यांना दिवाणी दावाच करावा लागतो.

मागायचं किती? इथे लोक दोन टोकं गाठतात: फक्त दवाखान्याचं बिल मागतात, नाहीतर पन्नास लाख लिहून टाकतात. दोन्हीने नुकसान. हिशेब असा मांडा. झालेला खर्च ९२,०००. फिजिओथेरपी, औषधं, अमळनेर-धुळे फेऱ्या, सगळं पावतीसह. प्लेट काढण्याचा अंदाजित खर्च, डॉक्टरांच्या लेटरहेडवर लेखी. बुडालेली कमाई: चार महिने काम बंद राहिलं तर ८८,०००. घरच्या कुणाला तुमच्यासाठी काम सोडावं लागलं असेल तर तेही. वेदना आणि मनस्तापासाठी वेगळी रक्कम, आणि तक्रारीचा खर्च.

खरी मोठी रक्कम कायमच्या अपंगत्वाची, आणि ती नीट मांडणारे थोडे. उपचार संपल्यावर धुळ्याच्या हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. टक्केवारी ४० च्या खाली आली म्हणून सोडून देऊ नका. ४० ची अट सरकारी योजनांसाठी आहे, भरपाईसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) मध्ये सांगितलं आहे की शरीराची टक्केवारी आणि कमाई घटण्याची टक्केवारी एकच नसते, त्या माणसाचा धंदा बघायचा. खांदा थोडा कमी वर जातो, याने हिशेबनीसाचं फार बिघडत नाही. छतात पंखा बसवणाऱ्याचं बिघडतं. म्हणून तुमच्या कामाचं स्वरूप प्रतिज्ञापत्रात सविस्तर लिहा, वायरमनचा परवाना, बँकेचा आणि यूपीआयचा वर्षभराचा उतारा, दोन-तीन गिऱ्हाइकांची पत्रं जोडा.

समजा कमाई घटण्याचं प्रमाण १० टक्के धरलं गेलं. मोटार अपघातांत सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी जी रीत घालून दिली, तिच्यानुसार वयाच्या ४० वर्षांच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात: २२,००० चे ३०,८००, वर्षाचे ३,६९,६००. त्याचे १० टक्के ३६,९६०. वय २६ ते ३० साठी गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, १७. एकूण ६,२८,३२०. ग्राहक आयोगावर हे सूत्र बंधनकारक नाही आणि तो कमीही देऊ शकतो, पण रक्कम कुठून आली हे दाखवणाऱ्या तक्रारदाराचं ऐकलं जातं. १५,००० च्या कागदावर सही म्हणजे काय, तेही या आकड्याशेजारी ठेवून बघा.

कच्चे दुवे आत्ताच तपासा. केबल खराब दिसते असं कुणी सांगितलं होतं का? मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद होता का? खांद्याचं जुनं दुखणं फॉर्ममध्ये लपवलं होतं का? यांपैकी काही असेल, तर तुमचाही काही टक्के दोष धरून रक्कम कापली जाईल, पण दावा संपत नाही. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

काकांच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं, तर मिटवायला आमचा विरोध नाही. ओळखीचा माणूस आहे, नोटिशीनंतर किंवा आयोगात मध्यस्थीने मिटलं तर दोन्ही घरांचं भलंच आहे. अटी एवढ्याच, की डॉक्टरांनी अंतिम स्थिती लिहून दिल्यानंतरच मिटवायचं, पूर्ण रक्कम एकदम बँकेतून, हप्ते आणि रोख नाही, आणि प्लेट काढायचा खर्च वेगळा लिहून घ्यायचा. आत्ता तातडीने पैसे हवे असतील, तर मालकांकडून ‘उपचारासाठी अंशतः रक्कम, उरलेले सर्व हक्क राखून’ एवढं लिहून घ्या आणि मगच स्वीकारा.

नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर उत्तर घेतलं जात नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं आहे. निकालाला कायद्यात तीन ते पाच महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालक अपिलात गेले, तर ४५ दिवसांत जावं लागतं आणि आधी अर्धी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.